अंतिम सामना, यंत्रकक्षातून

२९ मे २०२२ रोजी फिनलंडमधील टाम्पेरे येथे पुरुषांच्या जागतिक आइस हॉकी अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना फिनलंड आणि कॅनडा यांच्यात झाला, तेव्हा मी तो जिथे खेळला गेला त्या नोकिया अरीना या बंदिस्त क्रीडागृहाच्या शीतकरण यंत्रणेवर पाळीला होतो. सामना म्हणून मी फारसे काही पाहिले नाही. समोर बर्फाच्या तापमानाचे आलेख होते आणि शेजारी एक लहानसा टीव्ही.

हे काम मी नाशिक जिल्ह्यात, निर्यातीच्या द्राक्षांच्या शीतगृहांत शिकलो. तिथे हवेतला ओलावा टिकवण्यासाठी जिवाचा आटापिटा करावा लागतो, नाहीतर घडांचे देठ सुकतात आणि माल नाकारला जातो. इथे त्याच ओलाव्याशी वैर. ओलसर हवा बर्फाला टेकली की तिच्यातले पाणी तिथेच साकळते, साकळताना आपली उष्णता बर्फाला देते आणि पृष्ठभाग मऊ पडतो. मऊ बर्फावर स्केटची पाती खोल रुततात आणि पक (खेळातली चपटी रबरी चकती) सरळ सरकण्याऐवजी उड्या मारू लागतो. त्यात एक माणूस नुसता बसून साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो, आणि त्या संध्याकाळी प्रेक्षक अकरा हजारांच्या वर होते. म्हणजे एक मेगावॅटहून मोठी शेगडी आम्ही रिंकभोवती, म्हणजे बर्फाच्या मैदानाभोवती, पेटवून ठेवली होती, आणि ती उड्या मारून आरोळ्याही ठोकत होती.

दुपारी त्याच बर्फावर कांस्यपदकाचा सामना झाला होता. दोन सत्रांअखेर मागे असलेल्या चेक संघाने तिसऱ्या सत्रात सहा गोल करून अमेरिकेला ८-४ असे हरवले. प्रेक्षकांची चंगळ झाली, पण गोलसमोरच्या बर्फाची पार चाळण झाली. दोन सामन्यांमधल्या वेळात आमच्या माणसांनी पृष्ठभाग खोलवर तासून काढला, कडांचा चढलेला बर्फ छाटला आणि गोलच्या खांबांच्या खुंट्यांसाठी पाडलेली भोके बर्फाचा चुरा व पाणी घालून पुन्हा बुजवली. संध्याकाळी सामना सुरू होताना पृष्ठभाग उणे साडेपाच अंश सेल्सियसच्या आसपास होता. हॉकीला हेच मानवते. फिगर स्केटिंगसाठी बर्फ याहून किंचित मऊ ठेवतात.

बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते ते हे, की रिंक बटण दाबल्याबरोबर थंड होत नाही. तीन-चार सेंटिमीटर बर्फाखाली काँक्रीटचा जाड थर असतो आणि त्यातल्या नळ्यांतून शून्याखालचे द्रव फिरते. आत्ता केलेला बदल पृष्ठभागावर पुरता जाणवायला बराच वेळ जातो. त्यामुळे जादा वेळ खेळला जाणार की नाही हे कोणालाच माहीत नसताना त्याची तजवीज करून ठेवावी लागते. माझ्या फिनिश वरिष्ठाने दुसऱ्या सत्रातच द्रवाचे तापमान आणखी खाली नेले होते. कॅनडा तेव्हा एका गोलने पुढे होता.

तिसऱ्या सत्रात फिनलंडच्या ग्रॅनलुंडने पाठोपाठ दोन गोल केले, मग आर्मियाने तिसरा केला, आणि यंत्रकक्षाच्या भिंतीतूनही गर्जना ऐकू आली. सामना संपल्यातच जमा आहे असे समजून एका तरुण सहकाऱ्याने शीतकरणाचा एक कॉम्प्रेसर बंद करू का, असे विचारले. वरिष्ठांनी पडद्यावरची नजर न काढता सांगितले, "शेवटचा भोंगा वाजेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही." यानंतर कॅनडाने गोलरक्षक काढून सहावा खेळाडू उतरवला आणि शेवटच्या तीन मिनिटांत व्हाइटक्लाउड व कॉमटुआ यांच्या गोलांनी बरोबरी साधली. आमच्या खोलीत कोणी काही बोलले नाही. तरुण सहकारी उगाचच दाबमापक पुसत राहिला.

आता पंधरा मिनिटांच्या विश्रांतीत बर्फ पुन्हा तयार करायचा होता. बर्फ सारखा करण्यासाठी त्यावरून फिरवायच्या यंत्राचे पाते वरचा थर खरवडते आणि मागचे ओले फडके गरम पाण्याचा पातळ थर पसरते. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते, शिवाय ते ओरखड्यांच्या कडा वितळवून नवा थर जुन्यात मिसळवते. पण पृष्ठभाग उणे चारच्याही वर चढला होता. नेहमीएवढे पाणी सोडले असते तर खेळाडू उतरेपर्यंत ते गोठलेच नसते. वरिष्ठांनी चालकाला बिनतारी यंत्रावरून पाणी कमी करायला सांगितले. मी रिंकच्या कडेला जाऊन इन्फ्रारेड तापमापक धरून उभा राहिलो. गोलसमोरची ओली चमक हळूहळू मंद होत गेली आणि संघ बाहेर येण्याच्या थोडे आधी नाहीशी झाली. एवढ्या वर्षांत पाणी गोठण्याची इतकी धास्तीने वाट मी पाहिली नव्हती.

जादा वेळेत दोन्ही बाजूंनी गोलरक्षकाखेरीज तीन-तीनच खेळाडू असतात. जागा मोकळी मिळते, वेग वाढतो, वळणे तीव्र होतात आणि बर्फ लवकर कापला जातो. सातव्या मिनिटाला, कॅनडाचा एक खेळाडू शिक्षेच्या बाकावर असताना, सकारी मानिनेनने गोल केला आणि फिनलंड ४-३ ने जिंकला. घरच्या बर्फावर त्यांचे हे पहिलेच विश्वविजेतेपद. फेब्रुवारीत बीजिंगला ऑलिंपिक सुवर्णही त्यांनीच जिंकले होते.

त्यानंतर पदकांसाठी गालिचे अंथरले गेले आणि अधिकारी, छायाचित्रकार, खेळाडूंचे कुटुंबीय असा सगळा जमाव साध्या बुटांनी बर्फावर आला. समारंभ आटोपेपर्यंत आम्ही सगळे कॉम्प्रेसर पूर्ण भारावर चालू ठेवले आणि पाळी संपल्याची नोंद मध्यरात्र उलटल्यावर केली.