तुम्ही विचारलंत म्हणून: मी ‘त्यांची’ बाजू का घेते?

“तुम्ही दोन बॅगा घेऊन अमेरिकेला गेलात आणि घरं घेतलीत. मग तिथल्या काळ्या लोकांना इतक्या पिढ्यांत का नाही जमलं? आणि तू दरवेळी त्यांचीच बाजू का घेतेस?” पुण्यात नातेवाईक विचारतात, इथे मंडळाच्या गणपतीतही विचारतात. एकदाच काय ते लिहिते.

बॅगा दोनच होत्या, खरंय. पण त्यातल्या एकीत सरकारी कॉलेजातून नाममात्र फीमध्ये मिळालेली इंजिनिअरिंगची डिग्री होती. अमेरिकेच्या 1965च्या स्थलांतर कायद्याने आमच्यासाठी दार उघडलं ते शिक्षण बघून. आम्ही निवडून घेतलेली माणसं. आणि तो कायदा झाला, त्यामागे काळ्यांनी समान हक्कांसाठी रस्त्यावर उतरून दिलेला लढा होता.

शिकागोजवळ घर घेताना वकिलाने जुन्या कागदांची फाइल पुढे सरकवली. त्यात 1940च्या सुमाराची, टाइप केलेली एक अट होती: या जागेत गोऱ्यांखेरीज कोणी राहू नये, घरनोकर असेल तर हरकत नाही. वकील म्हणाला, “आता याला काही अर्थ नाही, सही करा.” कायद्याने त्याचं बरोबरच होतं. अशा अटी कोर्टाने राबवायच्या नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने 1948मध्ये ठरवलं, आणि 1968मध्ये घरविक्रीतल्या भेदभावावरच बंदी आली. मी सही केली. पण भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, हेही त्याच कोर्टाने 1923मध्ये, अमेरिकेचं नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद या पंजाबी माणसाच्या खटल्यात सांगितलं होतं. म्हणजे त्या काळी या घरात मला जागा होती ती फक्त भांडी घासायला.

ही काही एकट्या घरमालकाची लहर नव्हती. 1934मध्ये सुरू झालेलं, गृहकर्जांना हमी देणारं सरकारी खातं स्वतःच अशा अटींची शिफारस करत होतं. काळ्यांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगवल्या गेल्या, तिथे कर्ज मिळणं मुश्कील. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या गोऱ्या सैनिकाला उपनगरात घर मिळालं, त्याची किंमत वाढत गेली, त्यावर मुलांची कॉलेजं झाली. त्याच युद्धातून आलेल्या काळ्या सैनिकाला बहुतेक ठिकाणी ती वाटच बंद. त्याच्या नातवाला मी कष्टाचे धडे देऊ?

“मग तू ते घर घेतलंस कशाला?” शाळा चांगली होती म्हणून. शाळा चांगली, कारण तिचा बराच पैसा घरपट्टीतून येतो आणि तिथली घरं महाग आहेत. हे मला तेव्हाही कळत होतं. कष्ट आम्हीही उपसले, ते कोणी नाकारलं तर मी आजही भांडेन. मुलं त्याच शाळेत शिकली. उद्या घर विकायला काढलं, तर मीही बाजारभावच मागणार आहे.