प्लाझ्मा बंद ठेवला तो दिवस

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये गुजरातेतल्या मेहसाण्याचं क्रूड, म्हणजे कच्चं तेल येतं. बाटली आडवी केली तरी पटकन हलत नाही. तिकडे बालोल, सांथाल भागात जमिनीखाली हवा सोडून थोडं तेल पेटवतात, तेव्हा कुठे उरलेलं विहिरीकडे सरकतं.

हायड्रोक्रॅकिंगने, म्हणजे हायड्रोजनच्या मदतीने मोठे रेणू तोडून, असं तेल हलकं करायला ४०० अंशांच्या आसपास तापमान, प्रचंड दाब आणि वेगळा बनवलेला हायड्रोजन लागतो. आम्ही दुसरी वाट धरली. क्वार्ट्झच्या नळीत तेल, त्यातून मिथेनचे बुडबुडे, वर काही हजार व्होल्ट. तेवढ्या विजेने बुडबुड्यांतल्या गॅसचे इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणजेच त्याचा प्लाझ्मा होतो. अशा प्लाझ्मात इलेक्ट्रॉनच खरे तापतात (१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा म्हणजे सुमारे ११,६०० केल्विन तापमान), गॅस त्या मानाने थंड राहतो. कार्बन-कार्बन बंध तोडायला साडेतीनेक इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. मिथेनही तुटतो आणि तुटलेल्या टोकांना हायड्रोजन देतो, निदान द्यावा.

तेल पातळ झालं, सगळे खूश. पण रिअॅक्टर तापत होता. मग हे काम नुसत्या उष्णतेचं नाही कशावरून? हे न तपासता पुढे जाणं मला पटेना.

म्हणून ब्लँक रन लावला. तेच तेल, तेवढाच मिथेन, तेवढाच वेळ, तापमान हीटिंग टेपने तेवढंच. फक्त व्होल्टेज शून्य. बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता. एरवी अशा दमट हवेत इन्सुलेटरवरून ठिणगी सरकेल म्हणून डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

तेल किती दाट आहे ते मोजणाऱ्या यंत्रापाशी लॅबमधले काका होते. मी विचारलं, "काका, व्हिस्कोमीटर काय म्हणतोय?"

"मॅडम, हे तर कच्च्या तेलापेक्षा जाड झालंय!"

मी पुन्हा लावायला सांगितलं. तेच. गॅसबरोबर हलके घटक उडून गेले होते, मागे जडच उरलं. म्हणजे प्लाझ्मा हे नुकसान भरून काढून वर तेल पातळ करत होता! गॅसातले घटक वेगळे करून आलेखावर दाखवणारा गॅस क्रोमॅटोग्राफही तेच सांगत होता. प्लाझ्माच्या रनमध्ये बाहेरच्या गॅसात हायड्रोजन आणि इथेनची ठसठशीत शिखरं होती, ब्लँकमध्ये हायड्रोजन नाहीच आणि इथेन जेमतेम. मिथेनचे तुकडे दोन-दोन जुळले की इथेन होतो. बंध विजेनेच तुटले होते. इतका आनंद मला पहिलं पातळ तेल पाहूनही झाला नव्हता.

तुटलेला हायड्रोजन तेलात किती गेला आणि गॅसातच किती राहिला, हे मात्र यावरून कळत नाही. त्यासाठी ड्युटेरियमवाला मिथेन मागवलाय; ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन, तो कुठे गेला ते ओळखता येतं. महाग आहे, पण त्याशिवाय खात्रीने बोलता येणार नाही. दरम्यान रिअॅक्टरला वीजमीटर जोडलाय, कारण बॅरलमागे किती युनिट जातात हा प्रश्न रिफायनरीवाले सर्वांत आधी विचारतील.