आई म्हणाली, पायाखाली गिरणी चालू आहे

गेल्या वर्षी नवरात्र संपल्यावर चुलत बहिणीचा साखरपुडा होता पुण्यात, म्हणून पहाटे साडेपाचला भांडुपवरून निघालो, मी, बायको, मागे आई आणि फळांच्या करंड्या. गाडी आमची जुनी डिझेल एसयूव्ही, सेकंडहॅण्ड घेतलेली, चेसिसवाली, मागच्या चाकांना ड्राईव्ह. ऐरोली ब्रिज, ठाणे-बेलापूर रोड, सगळं मस्त. कळंबोलीला एक्सप्रेसवेला लागलो, स्पीड ८५ च्या वर गेला आणि स्टेअरिंग हातात नाचायला लागलं. म्हणजे अगदी नीट दिसत होतं, डावीकडे उजवीकडे बारीक बारीक, जणू कोणी हातात मोबाईल व्हायब्रेटवर ठेवलाय. १०० ला जरा कमी झाल्यासारखं वाटलं पण गाडी काही शांत नव्हती.

तेवढ्यात मागून आई म्हणाली, "अरे, माझ्या पायाखाली पिठाची गिरणी चालू आहे का?"

मी म्हटलं आई, रस्ता काँक्रीटचा आहे, सांधे असतात त्याला, त्याचा आवाज येतो. आणि विषय संपवला. हे वाक्य मला पुढे दीड महिना आणि बऱ्यापैकी पैसे खाऊन गेलं, म्हणून तर लिहायला बसलोय.

आता मुंबईत राहणाऱ्या माणसाचा एक प्रॉब्लेम समजून घ्या. हा आजार ८० च्या खाली दिसतच नाही. आणि आपल्याकडे ८० मिळतो कुठे? ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर विक्रोळी ते घाटकोपर सकाळी नऊला ८० ने जाऊन दाखवा, मी जेवण देतो. पावसाळ्यात तर विचारूच नका, चार महिने मी खड्डे चुकवत ४० ने चालवत होतो. त्यामुळे गाडीत काहीतरी बिघडलंय आणि ते नेमकं कधीपासून बिघडलंय हे कळायला मार्गच नव्हता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

पुण्याहून परत आल्यावर जो उपाय अख्खा देश करतो तोच केला, अलाइनमेंट-बॅलन्सिंग. हे दोन शब्द आपण एका दमात म्हणतो, त्यामुळे ते एकच काम आहे असं वाटतं. तसं नाहीये. अलाइनमेंट म्हणजे चाकं कुठल्या कोनात उभी आहेत ते, ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने घासून जातात, पण शक्यतो थरथर त्यामुळे येत नाही. थरथर येते ती बॅलन्स बिघडल्यामुळे, चाकाच्या एका बाजूला वजन जास्त झालं की. दुकानदाराने दोन्हीचे पैसे घेतले, मी पण दिले. पुढच्या एका चाकाला ३५ ग्रॅम चिकटवले, दुसऱ्याला २०, मशीनवर शून्य-शून्य आलं, पोरगा अंगठा दाखवून हसला.

रविवारी पहाटे परत एक्सप्रेसवे. स्टेअरिंग तसंच. बायको म्हणाली अरे थोडं कमी आहे ना, आणि मी पण होकार दिला कारण पैसे दिल्यावर माणसाला कमी वाटतंच.

दुसऱ्या दुकानात गेलो. त्याने परत बॅलन्सिंग केलं आणि पहिल्याला शिव्या दिल्या. स्टेअरिंग तसंच.

तिसऱ्या वेळी मात्र मी स्वतः जरा डोकं लावलं. पुढची दोन चाकं मागे टाकली, मागची पुढे. घरच्या पार्किंगमध्ये, जॅक आणि पाना घेऊन, सोसायटीच्या वॉचमनच्या देखरेखीखाली. एक पैसा खर्च नाही आणि या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात कामाची टेस्ट. कारण चाकं बदलल्यावर थरथर जर जागा बदलत असेल तर दोष चाकातच आहे, आणि तिथेच राहिली तर चाकाला उगाच बदनाम करू नका, पुढे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), बेअरिंग, टाय रॉड एन्ड, बुश बघा. आमच्या केसमध्ये स्टेअरिंग एकदम गप्प झालं आणि मागच्या सीटला बारीक उड्या सुरू झाल्या. म्हणजे गुन्हेगार आता मागे गेला होता.

मग मागचं एकेक चाक उचललं, रिमच्या कडेजवळ स्क्रूड्रायव्हर धरला, न हलवता, आणि चाक हाताने फिरवलं. बाहेरची कड ठीक. पण गाडीखाली डोकं घालून आतली कड बघितली तर डाव्या चाकाला एका जागी रिम चक्क आत दबलेली, स्क्रूड्रायव्हरला टेकून खर्रर्र. भांडुपच्या कुठल्यातरी खड्ड्याची कृपा, कुठला ते सांगता येणार नाही, उमेदवार फार आहेत. वरून बघितलं तर रिम नवीकोरी दिसते, बॅलन्सिंगवाल्यानेही वरूनच बघितली. आणि बॅलन्सिंगची गंमत ही आहे की ते चाकाचं वजन सारखं करतं, चाक गोल करत नाही. वाकडं चाक वजनाला एकदम परफेक्ट असू शकतं, मशीन शून्य दाखवणार आणि रस्त्यावर ते उड्या मारणार.

थोडा हिशोब पण केला मी, इंजिनियरिंग सोडून वीस वर्षं झाली तरी खाज जात नाही. माझा टायर २३५/६५ आर १७, त्याचा घेर साधारण २.३ मीटर. १०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला १२ वेळा फिरतं. वाकडी जागा सेकंदाला १२ धक्के देणार. ९० ला ११ च्या आसपास. आणि प्रत्येक गाडीच्या सस्पेन्शनची एक आवडती लय असते, झोपाळ्यासारखी, बरोबर वेळेला ढकललं की उंच जातो, वेळ चुकली की नुसतीच मेहनत. म्हणून ९० ला स्टेअरिंग नाचतं आणि १०५ ला जरा निवळतं. लोकांना वाटतं स्पीड वाढवला की बरं होतं. नाही हो, फक्त लय चुकते.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन जुना पण सरळ रिम शोधून आणला (दुकानात उभं राहून फिरवून बघितला, दुकानदार वैतागला), त्यावर टायर चढवला, बॅलन्सिंग केलं. हबवर गंजाची पापडी होती ती पण वायर ब्रशने घासली, कारण चाक हबवर सपाट बसलं नाही तरी तेच दुखणं. पुन्हा रविवार, पुन्हा एक्सप्रेसवे. ९० ला स्टेअरिंग लोण्यासारखं. मी खूश, आता गाडीत गाणी लावावीत म्हणून हात पुढे केला.

मागून आई, "गिरणी आहे अजून."

आणि होती! ९५ च्या पुढे, स्टेअरिंगमध्ये काही नाही पण फ्लोअरमधून, सीटच्या खालून, एक घूंऽऽ असा थरथराट. पहिल्या दिवसापासून दोन वेगळे आजार होते आणि मी दोन्हीला एकच समजून पुढच्या चाकांच्या मागे लागलो होतो. आईने पहिल्याच दिवशी जागा सांगितली होती. हातात असेल तर बहुतेक पुढचं, बुडाखाली आणि पायाखाली असेल तर मागचं किंवा मधलं. ब्रेक मारल्यावरच येत असेल तर डिस्क बघा, तो तिसराच विषय.

आता टेस्ट. आधी काँक्रीटची शंका काढून टाकली, पनवेलकडच्या डांबरी पट्ट्यावर तोच स्पीड, गिरणी तीच. रस्ता बदलल्यावर जे बदलत नाही ते गाडीचं. मग मोकळ्या रस्त्यावर, मागे पुढे कोणी नाही बघून, ९५ ला गाडी न्यूट्रल केली. किल्ली बंद करायची नाही हां, अजिबात नाही, ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही जड होतात आणि जुन्या गाडीचं स्टेअरिंग लॉक होऊ शकतं. फक्त न्यूट्रल. इंजिन खाली आयडलला आलं, गिरणी चालूच. म्हणजे इंजिन सुटलं. मग तोच स्पीड चौथ्या गिअरमध्ये आणि पाचव्या गिअरमध्ये, इंजिनचे आरपीएम वेगळे पण गिरणीचा सूर एकच. म्हणजे जे काही आहे ते गिअरबॉक्सच्या मागे, चाकाच्या बरोबर बांधलेलं. रेस दिली की थोडं वाढतं, सोडली की थोडं कमी.

सूर म्हणालो ते मुद्दाम. आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला लागून ट्रान्सफॉर्मर आहे, रात्री शांततेत तो जो घुमतो ना, तसाच अगदी. ट्रान्सफॉर्मरचा तो आवाज सेकंदाला १०० कंपनांचा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि पत्रा प्रत्येक फेऱ्यात दोनदा ओढला जातो. चाकाचे तर १२ च. मग १०० कोण करतंय? माझ्या गाडीचा डिफरन्शियल रेशो (मागच्या चाकांमधल्या गिअरचं प्रमाण) चारच्या जरा वर, म्हणजे चाक १२ वेळा फिरलं की प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा, ५० वेळा. आणि शाफ्टच्या दोन टोकांना जे यूजे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट, शाफ्टला कोनात फिरू देणारे सांधे) असतात ते एका फेरीत दोनदा झटका देतात. ५० दुणे १००. रात्री साडेअकराला बाल्कनीत उभा राहून हे मोजलं आणि एकटाच हसलो, बायकोला वाटलं फोनवर कोणीतरी आहे.

तो दोनदाचा झटका का, तर क्रॉस जॉइंट कोनात फिरताना शाफ्टला एकसारख्या वेगाने फिरवतच नाही, एका फेरीत दोनदा जोरात आणि दोनदा हळू. कॉलेजात याला हूक्स जॉइंट म्हणायचे, तोच तो हूक, स्प्रिंगच्या नियमावाला. म्हणून दोन टोकांना दोन जॉइंट एका रेषेत बसवतात, पहिल्याने केलेली चूक दुसरा उलटी करून मिटवतो. एका रेषेत नसले तर मिटवण्याऐवजी आणखी भर घालतो.

हे सगळं ज्ञान घेऊन मी आमच्या गल्लीमागच्या मालवणी काकांकडे गेलो. सत्तरीचे आहेत, आता गाडीखाली जात नाहीत, खुर्चीत बसून पोरांना सांगतात. मी हर्ट्झ वगैरे सुरू केलं तर मध्येच तोडलं, "ता ऱ्हवांदे. आधी काय काम केलंस ता सांग."

काय काम? जूनमध्ये क्लच प्लेट बदलली होती, दुसरीकडे, स्वस्तात.

काकांनी नुसतं कपाळाला हात लावला. क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवायचा, गिअरबॉक्स उतरवायचा तर शाफ्ट आधी खाली. आणि शाफ्टच्या मधे जो सरकणारा भाग असतो, दात्यांचा, तो सुटून आला की परत जसाच्या तसा घालायचा असतो. खुणा नसतील तर उतरवायच्या आधी खडूने किंवा पेंटने खूण करायची. पोरगा पिटमध्ये उतरला, टॉर्च मारला आणि ओरडला, "काका, बाण जुळत नाहीयेत!" दोन बाण, कंपनीचेच, शाफ्टवर कोरलेले, एकमेकांपासून चांगले दोन-तीन दाते लांब. जूनपासून गाडी तशीच फिरत होती आणि पावसाळ्यात मी ७० च्या वर गेलोच नाही म्हणून मला पत्ता नाही. ऑक्टोबरमध्ये त्रास सुरू झाला, म्हणून मी ऑक्टोबरमध्ये काय झालं तेच शोधत होतो.

शाफ्ट उतरवला, बाण जुळवले, मागचा क्रॉस पण एका बाजूला ढिला झाला होता तो नवीन टाकला, निपलमधून ग्रीस मारलं. दुपारच्या जेवणाआधी गाडी बाहेर. क्रॉसचे आणि मजुरीचे मिळून जे झाले ते दोन वेळच्या अलाइनमेंट-बॅलन्सिंगपेक्षा कमीच.

एक सांगायचं राहिलं, या सगळ्याच्या आधी, म्हणजे गाडी थरथरली त्याच दिवशी, दोन गोष्टी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबून बघाच. चाकाचे नट घट्ट आहेत का, आणि टायरच्या बाजूच्या भिंतीला फुगा आलाय का. मी बघितलं नव्हतं, घाट चढून पुण्याला गेलो तसाच, नशीब. फुगा असेल तर तो टायर घेऊन हायवेला जायचंच नाही, स्टेपनी लावा आणि हळू घरी.

डिसेंबरात परत पुणे झालं, लग्नच होतं आता. खालापूरपर्यंत ९८ ने आरामात, स्टेअरिंग शांत, फ्लोअर शांत. मी आरशात बघितलं, आईने पाय खाली नीट टेकवून ठेवले होते, तपासत होती. काही बोलली नाही. टोलनाका गेल्यावर म्हणाली, "गिरणी बंद झाली. पण उजव्या दारात काहीतरी टिक-टिक वाजतंय, वळणावर जास्त."

बायकोला म्हटलं फोन घे, लिही. उजवं मागचं दार, टिक-टिक, वळणावर जास्त.