एका ‘बरं’ची नोंद

उच्च न्यायालयाच्या ज्या आदेशाने अण्णांची पालक म्हणून माझी नेमणूक झाली, त्यात अण्णांचा उल्लेख ‘पाल्य’ असा होता. अण्णा तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते, त्यांची दोन्ही मुले आपापल्या संसारात होती आणि पुस्तक बांधणीचा स्वतःचा कारखाना त्यांनी चाळीस वर्षे चालवला होता. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला पाल्य म्हणताना मला पहिल्या दिवसापासून अवघडल्यासारखे होत होते. मात्र त्या शब्दाने माझ्याही वागण्यावर नकळत काय परिणाम केला होता, हे कळायला मला पाच महिने लागले.

अण्णांच्या मेंदूच्या डाव्या भागात रक्तस्राव झाला आणि ते तेवीस दिवस बेशुद्ध होते. दवाखान्याची बिले भरायची वेळ आली तेव्हा मुलाच्या लक्षात आले की, वडिलांनी पूर्वी त्याच्या नावे करून दिलेले मुखत्यारपत्र बँक मानायला तयार नाही. पुष्कळांची अशी समजूत असते की अशाच दिवसांसाठी मुखत्यारपत्र करून ठेवायचे असते. प्रत्यक्षात भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार, अधिकार देणाऱ्या व्यक्तीची विचारशक्ती राहिली नाही की तिने दिलेले अधिकारही संपतात. म्हणजे ज्या घडीला त्या कागदाची खरी गरज असते, नेमक्या त्याच घडीला तो निरुपयोगी होतो. पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० हा केवळ अल्पवयीन मुलांसाठी आहे. मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची जी तरतूद १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमात होती, ती त्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या अधिनियमात राहिली नाही. त्यामुळे बेशुद्धावस्थेत असलेल्या सज्ञान माणसाच्या कुटुंबाला संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली थेट उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली अशा अर्जांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. वैद्यकीय मंडळाची तपासणी, तहसीलदाराच्या खालच्या दर्जाचा नसलेल्या महसूल अधिकाऱ्याची प्रत्यक्ष भेट, वारसांची व मालमत्तेची संपूर्ण माहिती आणि नेमलेल्या पालकाने दर सहा महिन्यांनी द्यायचा हिशेब, अशी ती साधारण वाट आहे आणि आमचे प्रकरणही त्याच वाटेने गेले. बहीणभावांचे पैशांच्या बाबतीत एकमत होईना, म्हणून दोघांच्याही संमतीने त्रयस्थ वकील म्हणून माझे नाव पुढे आले.

या सगळ्यात एक गोष्ट निसटली. वैद्यकीय मंडळाने तपासले तेव्हा अण्णा खरोखरच बेशुद्ध होते; आदेश निघून माझ्या हाती येईपर्यंत ते डोळे उघडून, खिडकीकडे तोंड करून घरी बसू लागले होते. आदेशात मात्र ‘कोणताही निर्णय घेण्यास असमर्थ’ हे शब्द तसेच राहिले आणि मी ते शब्द डोक्यात ठेवूनच त्यांच्या खोलीत पाऊल टाकले.

त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. अगदी गेली होती असेही नाही, कारण एक शब्द उरला होता: ‘बरं’. वाचाघातात काही रुग्णांची सगळी भाषा जाऊन एखादाच शब्द तोंडात रुतून बसतो आणि काहीही सांगायचे असले तरी तोच बाहेर पडतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पहिल्या भेटीत मी माझी ओळख करून दिली, न्यायालयाने माझ्यावर काय जबाबदारी टाकली आहे ते सांगितले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहून ‘बरं’ म्हटले. मला हायसे वाटले. मी टिपणवहीत लिहिले, ‘पाल्यास कल्पना दिली, हरकत नाही.’ पुढच्या भेटींतही तेच झाले, आणि हळूहळू मी विचारणेही सोडून दिले. ज्या माणसाचे उत्तर दर वेळी एकच येते त्याला विचारून काय उपयोग, असे मनाशी कुठेतरी ठरून गेले होते.

हिशेबात मात्र मी कसूर केली नाही. पालक या नात्याने चालवायचे स्वतंत्र खाते उघडले, येणे वसूल केले, औषधे, व्यायामासाठी येणारे फिजिओथेरपिस्ट आणि दिवसपाळीच्या मावशी यांची प्रत्येक पावती क्रमांक घालून फायलीत लावली. माझ्या कुठल्याही नोंदीवर बोट ठेवायला जागा नव्हती. हे मी अभिमानाने नव्हे, तर एवढ्यासाठीच सांगते की अशा कामात चोख हिशेब हीच पालकाची सगळी जबाबदारी आहे असे वाटू लागणे फार सोपे असते. न्यायालय हिशेब मागते, वारस हिशेब मागतात. ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे तो माणूस काहीच मागू शकत नाही.

पाचव्या महिन्यात कारखान्यातील यंत्रे विकण्यासाठी न्यायालयाची परवानगी मागायचे ठरले. कारखाना घराच्या तळमजल्यावरच होता आणि महिनोन् महिने बंद पडून यंत्रांना गंज चढू लागला होता. आदल्या दिवशी दोन पंचांसमक्ष मी यादी केली आणि प्रत्येक यंत्राचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा आणि मुलगी दोघेही आले. टेबल अण्णांच्याच खोलीत होते, म्हणून आम्ही तिथे बसलो. मी अण्णांकडे पाठ करून बसले होते. यात मला त्या वेळी काही वावगे वाटले नाही, हे लिहिताना आज जड जाते.

मी यादी वाचू लागले. कटिंग मशिन, तारेच्या शिलाईचे मशिन, पुठ्ठा कापायची कात्री, पुस्तके दाबायचा लोखंडी प्रेस. नवव्या क्रमांकावर हाताने चालवायचे परफोरेशनचे मशिन होते, पावतीपुस्तकांच्या पानांना भोके पाडायचे. ते मी वाचले आणि मागून आवाज आला, “बरं!”

मी न वळताच म्हणाले, “हो, काका,” आणि दहावा क्रमांक वाचायला घेतला. पुन्हा तेच, पण या वेळी इतक्या जोरात की मुलीने दचकून मागे पाहिले. अण्णांनी डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला होता आणि त्यांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली होती.

“अण्णा, त्रास करून घेऊ नका. सगळं नीट होतंय,” मुलगा म्हणाला.

दारात उभ्या असलेल्या मावशी तेव्हा बोलल्या. “मॅडम, हे बरं नाहीचं आहे.”

मी विचारले, “म्हणजे?”

“नको असलं ना, की असं तोडून म्हणतात. हवं असलं की लांबवतात. पंखा लावू का विचारलं तर मला लगेच कळतं.”

पाच महिने मी त्या घरात जात होते, आणि हे मी मावशींना एकदाही विचारले नव्हते.

मी खुर्ची वळवली आणि अण्णांच्या समोर बसले. मोबाइलवरचे फोटो एकेक करून त्यांच्यापुढे धरले. कटिंग मशिनचा फोटो त्यांनी शांतपणे पाहिला. प्रेसचाही पाहिला. परफोरेशनच्या मशिनचा फोटो आला तसा त्यांनी डाव्या हाताच्या मागच्या बाजूने माझा हात दूर लोटला. फोटोंचा क्रम बदलून मी पुन्हा दाखवले, तरी पुन्हा त्याच फोटोला हात लोटला. मुलीला वाटले, त्या यंत्रावर त्यांचा विशेष जीव असावा. मुलगा म्हणाला की ते सर्वांत जुने आणि कमी किमतीचे आहे, विकले नाही तरी चालेल. दोघेही आपापल्या परीने प्रेमानेच बोलत होते, पण दोघेही वडिलांच्या मनातले स्वतःच सांगत होते.

सुदैवाने थोड्याच वेळात स्पीच थेरपिस्ट यायच्या होत्या. त्यांना मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी आधी मला सावध केले की वाचाघातात ‘हो’ आणि ‘नाही’ यांचीच अदलाबदल होऊ शकते, त्यामुळे एका उत्तरावर विसंबायचे नाही. तोच प्रश्न उलटा करून विचारायचा, आणि मध्ये ज्याचे उत्तर आपल्याला पक्के माहीत आहे असा एखादा प्रश्न घालायचा. मग त्यांनी दोन पुठ्ठे अण्णांच्या मांडीवर ठेवले. एकावर हिरवी बरोबरची खूण होती, दुसऱ्यावर लाल फुली.

“हे मशिन तुमचं आहे?” अण्णांचे बोट फुलीवर गेले. “हे कटिंग मशिन तुमचं आहे?” बोट हिरव्या खुणेवर. “ते परफोरेशनचं मशिन दुसऱ्या कुणाचं आहे?” हिरवी खूण. “ते विकायचं?” फुली. थोडे थांबून, पुठ्ठ्यांच्या जागा बदलून त्यांनी सगळे प्रश्न पुन्हा विचारले, आणि उत्तरे तीच आली.

खोलीत कोणी बोलेना. मग अण्णांनी बोट जमिनीकडे केले, पुन्हा पुन्हा, जणू फरशीच्या आरपार दाखवत होते. खाली न्या, असे ते सांगत होते. दोघांनी खुर्चीसकट त्यांना जिन्यावरून उतरवले. आजारानंतर ते प्रथमच कारखान्यात येत होते. भिंतीतल्या कपाटाकडे त्यांनी हात केला, मी एकेका कप्प्यावर हात ठेवत गेले, आणि तिसऱ्या कप्प्यावर आले तेव्हा तो लांबवलेला ‘बरं’ ऐकू आला. तिथे त्यांनी स्वतः बांधलेल्या कापडी पाठीच्या वह्या होत्या. त्यांतली एक वही त्यांनी मांडीवर घेतली आणि डाव्या अंगठ्याने पाने सरकवू लागले. तो अंगठा कागदावर ज्या सहजतेने चालत होता, तसे त्यांच्या शरीरातले काहीच मी तोवर चालताना पाहिले नव्हते. वहीच्या मध्यात घडी घातलेला एक कागद होता. दुसऱ्या एका बांधणी कारागिराने सहा वर्षांपूर्वी सही करून लिहून दिले होते की जागा सोडावी लागल्यामुळे आपले परफोरेशनचे यंत्र नवी जागा मिळेपर्यंत सांभाळायला ठेवले आहे. शेवटी दूरध्वनी क्रमांक होता.

मी त्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या वृद्ध गृहस्थांना मी कोण आणि कशासाठी बोलते आहे ते सांगितले. त्यांनी यंत्राबद्दल काहीच विचारले नाही. “अण्णा बोलायला लागले का?” एवढेच त्यांनी विचारले.

न्यायालयाच्या परवानगीने, शपथपत्रावर, पंचनाम्यासह मी दुसऱ्याची वस्तू विकणार होते, आणि ते थांबवणारा माणूस कागदोपत्री कोणताही निर्णय घेण्यास असमर्थ होता.

त्या दिवशी अण्णांना सगळे समजत होते असा माझा दावा नाही. थेरपिस्टनी नंतर खर्चाच्या रकमांबद्दल विचारले तेव्हा त्यांनी एकाच प्रश्नाला दोन्ही पुठ्ठ्यांवर बोट ठेवले आणि मग दमून मान टाकली. आकड्यांची मोठी बाब त्यांना पेलत नव्हती. मी हेही तसेच लिहून घेतले, कारण असमर्थता ही अख्ख्या माणसाची नसून त्या त्या कामापुरती आणि त्या त्या वेळेपुरती असते, हे त्याच्यातूनच मला दिसले.

कायद्यात याला जागा नाही असेही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत वाचा व भाषा दिव्यांगतेच्या व्याख्येत वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व सांगितले आहे: पालक आणि दिव्यांग व्यक्ती यांनी परस्परांवरील विश्वासाने एकत्र घेतलेला निर्णय, ठरावीक काळापुरता, ठरावीक बाबीपुरता आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या अनुच्छेद १२ मधला विचार त्यामागे आहे. मी हे कलम पूर्वी वाचले होते, युक्तिवादात वापरलेही होते. पण ‘इच्छेनुसार’ या शब्दासाठी खुर्ची वळवून बसावे लागते, हे त्या दुपारपर्यंत मला उमगले नव्हते.

मी न्यायालयात अर्ज केला. अण्णांची नव्याने तपासणी व्हावी, आणि माझे अधिकार ज्या बाबी त्यांना खरोखर पेलत नाहीत तेवढ्यापुरतेच राहावेत, अशी विनंती केली. माझ्या आधीच्या टिपणांत ‘हरकत नाही’ असे जिथे जिथे लिहिले होते, ती नोंद विश्वासार्ह नाही, हेही शपथपत्रात नमूद केले. मुलाची हरकत होती. “उद्या त्यांनी चुकीचं काही सांगितलं तर जबाबदार कोण?” असे त्याने मला विचारले. त्याचा प्रश्न खोटा नव्हता. वडिलांच्या उपचारांची काळजी तोच वाहत होता. मी त्याला म्हटले की मोठ्या रकमांना आणि स्थावर मालमत्तेला न्यायालयाची परवानगी लागेलच, पण अण्णांना जे सांगता येते ते न विचारता ठरवण्याची जबाबदारी आता मी घेणार नाही. तो गप्प राहिला. पटले की नाही, ते मला कळले नाही.

दुसऱ्या तपासणीला स्पीच थेरपिस्टनाही बोलावले गेले. सुधारित आदेशात स्थावर मालमत्ता, बँकेचे व्यवहार आणि कर माझ्याकडे राहिले; राहण्याची जागा, घरात कोणी असावे, उपचार आणि घरातल्या व कारखान्यातल्या वस्तू यांबाबत मी अण्णांना आधी विचारावे आणि त्यांनी कसे उत्तर दिले ते लिहून ठेवावे, असे ठरले. एका वर्षाने पुन्हा तपासणी व्हायची आहे.

परफोरेशनचे यंत्र न्यायला ते वृद्ध कारागीर मुलाला घेऊन आले, तेव्हा अण्णांनी खुर्ची तळमजल्यावर उतरवून घेतली होती. यंत्र टेम्पोत चढेपर्यंत दोघे एकमेकांशेजारी बसून होते.

सहामाही हिशेबाच्या तक्त्यात मी आता ‘पाल्याचे म्हणणे’ असा एक रकाना वाढवला आहे. त्यातली पहिली नोंद अशी आहे: ‘कटिंग मशिन विकण्याबाबत विचारले. प्रश्न दोन्ही प्रकारे विचारला. ‘विकायचे?’ याला फुली, ‘ठेवायचे?’ याला हिरवी खूण. बरं, तोडून. विक्रीचा अर्ज तूर्त थांबवला आहे.’