बाहेर बस

दिवस संपला तरी ते एक अक्षर डोक्यातून जात नाहीये. लिहून काढते, मग कदाचित झोप लागेल.

दादा आज मला ‘जा’ म्हणाला.

दादा म्हणजे माझा मोठा मुलगा, ऑटिस्टिक आहे, तोंडाने बोलत नाही. म्हणाला म्हणजे टॅबवर शब्दाचं बटण दाबलं, मग टॅब तो शब्द मोठ्याने बोलतो. पण ताईंच्या, म्हणजे त्याच्या थेरपिस्टच्या, खोलीत ‘दाबलं’ म्हणायचं नाही, ‘म्हणाला’च म्हणायचं, आणि आता माझीही जीभ तशीच वळते. कुणी त्याचा हात धरला नव्हता. कुणी ‘सांग बघू, सांग बघू’ केलं नव्हतं. तो जमिनीवर झाकणं मांडत होता, मी शेजारी बसले होते. मध्येच उठला, टॅबपाशी गेला, ‘जा’ दाबलं आणि माझ्याकडे न बघता परत येऊन झाकणांत गुंतला. टॅबमधल्या त्या बाईंचा आवाज म्हणजे पुढचं स्टेशन कुठलं हे सांगावं तसा. राग नाही, लाड नाही. नुसतं ‘जा’. जरा चिडका सूर असता तरी बरं वाटलं असतं, निदान काहीतरी कळलं असतं.

या क्षणाची किती वाट बघितली होती. त्याचा पहिला शब्द, आपणहून, कुणी न विचारता. तो शब्द कुठला असेल हेही मी मनात ठरवून ठेवलं होतं. कुठला ते लिहीत नाही.

आणि ताई! टाळी नाही, ‘शाब्बास’ नाही, काही नाही. त्यांनी शांतपणे माझ्याकडे बघितलं आणि मानेने दार दाखवलं. मला आधी वाटलं गंमत करतायत. तर म्हणाल्या, “त्याने सांगितलंय ना. मग तुम्हाला गेलं पाहिजे. नाहीतर त्या बटणाचा त्याला उपयोग काय?” मी उठले. गेले. दार लावून घेतलं. आतून झाकणांचा टिकटिक आवाज येत होता, अगदी मजेत.

बाहेरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, “आज लवकर झालं?” मी म्हटलं, “नाही हो, मला बाहेर काढलं.” हसले आम्ही दोघी. मला हसू येत नव्हतं.

मलाच का? खोलीत ताई होत्या, त्यांची मदतनीस होती. त्या दोघींना नाही. मला.

ताईंचं म्हणणं मला बुद्धीने पटतं. सहा महिन्यांचं बाळसुद्धा मान फिरवून ‘पुरे’ सांगतं आणि आपण ऐकतो. याचं मात्र आम्ही वर्षानुवर्षं ऐकलं नाही, कारण तो ज्या पद्धतीने सांगत होता तिला ‘वर्तन समस्या’ असं नाव पडलं होतं. आधीच्या सेंटरमध्ये तर त्याची फाइलच होती. टेबल, समोर खुर्ची, ‘हात खाली’, ‘इकडे बघ’, आणि कागदावर टक्के. डोळ्यांत बघितलं इतके टक्के, सांगितलेलं केलं इतके टक्के. नकार दिला की हात धरून त्याला परत कामावर आणायचं, काम पुरं होईपर्यंत सोडायचं नाही. हात हलवायला लागला की हात खाली. तो आनंदाने हात हलवतो हे तेव्हा मलाही माहीत होतं, तिथल्या कुणाला ते सांगण्यासारखं वाटलं नाही एवढंच.

तिथे लोवास या मानसशास्त्रज्ञांचा ऑटिस्टिक मुलांवरचा १९८७ चा अभ्यास सांगायचे. आठवड्याला ४० तास, १९ मुलं, त्यातली ९ ‘इतर मुलांसारखी’ झाली. हे ९ आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं गेलं की रात्री मी आकडेमोड करत पडायचे, दादा त्या नवात की उरलेल्या दहात. त्याच अभ्यासात मुलांना जोरात ‘नाही’ ओरडणं आणि कधी मांडीवर चापट मारणं हेही पद्धतीचा भाग होतं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. ते मी नंतर वाचलं. आमच्या सेंटरमध्ये कुणी चापट मारत नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण ‘नको’ म्हणायला जागा नव्हती. मग त्याने जागा शोधली. दातांनी.

तर हे सगळं मला कळतं. नकार सांगता येणं हीच सुरक्षितता, पुढे मोठा झाल्यावर कुणी अंगाला हात लावला तर ‘जा’ म्हणता आलं पाहिजे, अशा मुलांच्या बाबतीत तर जास्तच. ताईंनी हे पहिल्या भेटीत सांगितलं होतं आणि मी जोरजोरात मान हलवली होती. मान हलवताना माझ्या डोळ्यांसमोर कुणी परका माणूस होता. मी नव्हते.

बाकावर बसल्या बसल्या डोक्यात काय यावं, तर फ्रीज. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये ११ मुलांबद्दल लिहून ऑटिझमचं वर्णन केलं, आणि १९४९ मध्ये लिहिलं की ही मुलं जणू बर्फ न वितळणाऱ्या फ्रीजमध्ये ठेवलेली असतात. फ्रीज म्हणजे आईबाप. पुढे बाप गळून पडला आणि ‘फ्रीजसारखी आई’ तेवढी उरली. कितीतरी बायकांना वर्षानुवर्षं हेच सांगितलं गेलं, की तुम्ही थंड, म्हणून मूल असं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी ते खोडून काढलं. ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि त्यांचा मुलगा ऑटिस्टिक. हे सगळं मला पाठ आहे. नवीन कुणी रडणारी आई बाकावर दिसली की मीच तिला सांगते. आणि आज एका ‘जा’ने मी थेट १९४९ मध्ये जाऊन बसले.

मी थंड आहे का? नाही, उलटच असेल. फार जवळ जवळ करते. हाही आरोप आहेच कुठेतरी कुणाचा तरी. जाऊ दे.

सेशन संपल्यावर ताई बाहेर आल्या, माझा चेहरा बघितला असणार. म्हणाल्या, “ज्याच्यावर भरवसा असतो ना, त्यालाच मूल ‘जा’ म्हणतं. माहीत असतं, ही परत येणार.” गोड आहे. पण हे वाक्य कशालाही लागू पडतं. तो ‘ये’ म्हणाला असता तरी भरवसाच, काहीच म्हणाला नसता तरी भरवसाच. मी ताईंना हे बोलले नाही. त्या चांगल्या आहेत, आणि आमच्यानंतरचं मूल दारात उभं होतं.

तशी त्यांची माझी पहिली ठिणगी पडली होती ती त्या १९९३ च्या भाषणावरून. टोरोंटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर यांनी, म्हणजे स्वतः ऑटिस्टिक असलेल्या माणसाने, आईबापांना तोंडावर सांगितलं की तुमचं दुःख खरं आहे, पण ते आमच्यासाठी नाही, तुम्ही मनात धरलेल्या आणि कधी न आलेल्या मुलासाठी आहे. ते आमच्या गळ्यात घालू नका. ताईंनी मला ते वाचायला दिलं होतं. तेव्हा राग आला होता. आजही थोडा येतो. पटतं आणि राग येतो. आज बाकावर जे काही वाटत होतं ते त्या मनात ठरवून ठेवलेल्या शब्दासाठीच होतं, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. दादा त्याच्या जागी बरोबर होता. त्याला काम होतं, माणूस नको होतं, त्याने सांगितलं. मला लागलं ते माझं माझं.

पण लागलंच की.

घरी आल्यावर ह्याला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं. हा म्हणाला, “अरे वा!” आणि खरंच मनापासून म्हणाला. मी बोललेच नाही त्याच्याशी बराच वेळ. कपड्यांच्या घड्या घातल्या, जरा जोरातच.

मग ताईंनी व्हिडिओ पाठवला. त्या रेकॉर्ड करतात, मागाहून बघून नोंदी लिहायला, आपल्यालाही देतात. मी तो बघणार नव्हते. बघितला. आणि मग परत परत बघितला.

झाकणं फरशीच्या सांध्यावरून चालली होती. आधी मोठी, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. प्रत्येक झाकण ठेवलं की बोटाने दोनदा टक टक, जरा मागे सरून बघायचं, मग पुढचं. सरळ रेष, एक झाकण इकडेतिकडे नाही. आणि त्या सांध्यावर पुढे कोण बसलंय? मी. मांडी घालून, ऐसपैस. रेष येते, येते, माझ्या गुडघ्याला लागते. तो झाकण हातात धरून थांबतो. गुडघ्याकडे बघतो. झाकण गुडघ्यावर ठेवून बघतो, ते घसरतं. मी हसते आणि म्हणते, “अरे, आईवर ठेवलंस?” तो पुन्हा ठेवून बघतो. मी पुन्हा हसते. हातातलं झाकण तसंच. मग उठतो, टॅबपाशी जातो.

म्हणजे मी रस्त्यात होते.

भरवसा नाही, फ्रीज नाही, १९४९ नाही. मोठ्या ओंडक्यासारखी मी त्याच्या रेषेत आडवी. मदतनीस तिथे बसली असती तर तिला ‘जा’ म्हणाला असता. खुर्ची असती तर खुर्चीला.

याने खरं तर बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, मिनिटभर. मग लगेच वाटलं, म्हणजे मला असं नव्हतंच का ते? दुपारभर ‘मलाच का’ म्हणून रडत होते, आता ‘मला नव्हतंच’ म्हणून तोंड वाकडं. माणसाने किती म्हणून... असो.

व्हिडिओत आणखी एक गोष्ट दिसली ती सकाळी माझ्या ध्यानातच आली नव्हती. गुडघ्यापाशी थांबला तेव्हा त्याचं तोंड माझ्या हाताच्या अगदी जवळ होतं. माझ्या मनगटावर जुनी खूण आहे तिथेच. आणि तो उठून टॅबकडे गेला.

ताईंच्या नोंदीत एवढंच होतं: “अडथळा आल्यावर स्वतःहून टॅबचा वापर. सांगणं लगेच मानलं गेलं. नंतर वीस मिनिटं शांत, हात हलवत खेळला.” हात हलवणं आता या रकान्यात येतं.

संध्याकाळी तर कहरच. एकदा चालतंय म्हटल्यावर काय! धाकटीला ‘जा’. ती रडत आली, “दादा मला जा म्हणाला!” मी म्हटलं, “मग जा की.” ती अवाक. बाबा मीटिंगमध्ये होता, त्याला ‘जा’, तो बिचारा हेडफोन घालून लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत गेला. वॉशिंग मशीनला ‘जा’. ते गेलं नाही. त्याने दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, मग मी येऊन बंद केलं. त्याने माझ्याकडे बघितलं, अगदी क्षणभर. मी काही त्या बघण्याचे टक्के लिहिले नाहीत.

मग सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. टॅब आणला तेव्हा यांचाच सगळ्यात जास्त विरोध होता, बटणं दाबून काम होतंय म्हटल्यावर पोरगं तोंड कशाला उघडेल म्हणून. मी तेव्हा २००६ चा तो आढावा वाचून दाखवला होता: अशी साधनं वापरणाऱ्या २७ जणांची बारकाईने पाहणी, बोलणं एकाचंही घटलं नाही, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच. “सत्तावीस म्हणजे किती गं थोडी,” असं म्हणाल्या होत्या, आणि त्यात तथ्यही होतं. तर आज म्हणाल्या, “बोलला का गं काही?” मी उत्तर शोधतेय तोवर दादा आला, स्क्रीनवरच्या आजीकडे बघितलं, आणि टॅब म्हणाला, ‘जा’.

मला मेल्याहून मेल्यासारखं.

आणि पलीकडे आजी नुसत्या उसळल्या. “मला म्हणाला! अहो, ऐकलंत का, मला जा म्हणाला!” आतून आजोबा आले. आजींनी त्यांना फोनसमोर उभं केलं, “आता यांना म्हण रे, यांना म्हण.” दादा काही म्हणाला नाही. त्याला जे सांगायचं ते सांगून झालं होतं. आजी म्हणाल्या, “बरं बाबा, जाते,” आणि त्यांनी खरंच फोन ठेवला. नंतर कळलं की त्यांनी लगेच मावशींना फोन करून सांगितलं. मी दिवसभर जे उराशी धरून बसले होते ते या बाईंनी मिनिटभरात पेढे वाटावेत तसं वाटून टाकलं. कधीकधी त्यांचा फार हेवा वाटतो. त्यांना कुणी पहिला शब्द ठरवून ठेवायला सांगितलं नव्हतं, मला तरी कुणी सांगितलं होतं म्हणा.

आता ह्याच्याशी बोलतेय. तो म्हणाला, “पण त्याला तू ‘जा’यला नकोच होतीस, नुसती सरकायला हवी होतीस.” अगदी खरं. टॅबवर ‘सरक’ नाहीये. असतं तर बाकावर जावंच लागलं नसतं, आणि हे पानही लिहावं लागलं नसतं. ताईंना मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं की घाला, फक्त आहेत ती बटणं हलवू नका, हाताला जागा पाठ होते, रिकाम्या चौकटीत बसवा. खालून दुसऱ्या ओळीत एक आहे.

प्रश्न आवाजाचा. त्या स्टेशनवाल्या बाईंच्या तोंडी ‘सरक’ भयंकर वाटतं, ऐकून बघितलं. आपला आवाज भरता येतो. माझ्या आवाजात भरलं तर मीच मला सरक म्हणणार, ते नको. धाकटी म्हणतेय मी म्हणते. तिचं ‘सरक’ ऐकलं तर भलेभले सरकतील. उद्या शाळेतून आली की तिचंच भरू.