मला श्रावणबाळ म्हणू नका

पप्पांची सेवा मी केली, तरी तिला 'देवाची कृपा' का म्हणतो, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, नाहीतर इतकी वर्षं हसून वेळ मारून नेलीच होती. पप्पांचा विषय निघाला की मी 'देवाची कृपा' म्हणतो, आणि इथे गोव्यात, डिचोलीच्या बाजारात भेटणारा प्रत्येक जण तेच ऐकवतो : "कृपा कसली रे? सात वर्षं गू-मूत काढलंस ते तू. पुण्य तुझं. देवाला कशाला मध्ये आणतोस?" मग ठरलेला शब्द येतो, श्रावणबाळ.

मी विनयाने तसं म्हणतो, असं तुम्हाला वाटतं. तसं असतं तर बरं झालं असतं.

शेजारच्या माईंचा मुलगा लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त आहे. व्रत पाळतो, शिरगावच्या जत्रेत होमकुंडातून चालून जातो. माई म्हणतात, देव असाच पावत नाही, आधी तावून घेतो. माझा कॅथलिक मित्र दरवर्षी म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मरियामातेला, तेल वाहायला जातो. (लोक सायबिणीला लईराईची बहीण मानतात, हे डिचोलीत मी कुणाला सांगायचं!) दोघांच्या भक्तीबद्दल बोलायची माझी लायकी नाही. पण दोघंही मला 'तू कमावलंस' म्हणतात, तेव्हा घशात काहीतरी अडकतं.

कारण मी पक्का हिशेबी होतो. 2012 साली खाणी बंद पडल्या, धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला गेला, आणि पुढच्याच वर्षी पप्पांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी एक वही घातली. डायपर, औषधं, आयाचा पगार, आणि शेवटच्या रकान्यात माझी जागरणं. पैसे भावाकडून वसूल करायचे होते. जागरणं देवाकडून. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात येशूची गोष्ट आहे, तिच्यात द्राक्षमळ्याचा धनी शेवटचा तासभर राबलेल्या मजुरालाही पहाटेपासून राबणाऱ्याइतकाच एक दीनार देतो. तो पाठ रविवारी वाचला गेला की माझं डोकं फिरायचं. पप्पा धडधाकट होते तेव्हा हसून म्हणायचे, आमच्या खाणीवर असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी संप.

आता ती रात्र. जुलै 2016.

बोलता येत नसल्यामुळे पप्पा डाव्या हाताने स्टीलचा पेला पलंगाच्या दांडीवर आपटायचे. दोनदा वाजला तर पाणी, वाजतच राहिला तर कपडे बदलायचे. त्या रात्री पाऊस कोसळत होता आणि वीज संध्याकाळपासून गेलेली. साडेअकराला उठलो. एकला उठलो. दोनला गेलो तर काहीच नको होतं, नुसते माझ्याकडे बघत राहिले. पावणेतीनला पेला पुन्हा वाजायला लागला आणि थांबेचना. मी गेलो आणि त्यांच्या हातातून पेला काढून घेतला. काढून घेतला कसला, हिसकावला. खिडकीत ठेवला, त्यांचा हात पोचणार नाही असा. दार ओढून घेतलं. चादर ओली आहे का, हे चाचपलंसुद्धा नाही. आणि मला गाढ झोप लागली. बाकीचं एक वेळ सांगता येतं, पण ती झोप अजून सांगवत नाही.

सहाला दार उघडलं. चादर, गादी सगळं भिजून गार, आणि पप्पा कुडकुडत होते. मी काही न बोलता पुसलं, बदललं, पाठीच्या जखमेला मलम लावलं. चोरी झाकावी तसे हात भराभर चालत होते. मग चहा आणला. पहिला चमचा तोंडाशी नेला तर त्यांनी तोंड फिरवलं. म्हटलं, बरोबरच आहे. पुन्हा नेला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि चमचा माझ्या तोंडाकडे वळवला. अर्धा चहा शर्टावर सांडला. लहानपणी ते ड्युटीवरून आले की बशीतला पहिला घोट आम्हा दोघांना असायचा. मी प्यालो. मग ते प्यायले. पेला तोवर खिडकीतच होता.

तुम्ही म्हणाल, त्यांना रात्रीचं आठवतच नसेल, किंवा चहा गरम असेल. मीही स्वतःला चार वर्षं हेच सांगितलं. खरं काय, ते मला अजून माहीत नाही. एवढं माहीत आहे की त्या सकाळी तो घोट माझ्या वाट्याचा नव्हता. तारण, म्हणजे पापातून सुटका, हे देवाचं दान आहे, कर्माचं फळ नव्हे, कुणी फुशारकी मारू नये, असं बायबलात प्रेषित पौल इफिसकरांना लिहितो. ते वचन मला रविवारशाळेपासून तोंडपाठ. पाठांतराचं बक्षीसही कमावलं होतं!

त्या कॅथलिक मित्राला एकदा अर्धवट सांगितलं. तो म्हणाला, कुमसार कर, पापाची कबुली पाद्रीच्या कानावर घाल. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात तशी रीत नाही, म्हणून मी वाद घातला. 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीत ऑग्सबुर्गला कॅथलिक आणि लूथरन मंडळींनी एकत्र सही करून मान्य केलंय की देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेने, आपल्या गुणांमुळे नाही. मग उरलं काय? तो म्हणाला, "हे सगळं मान्य, तर सांगायला घाबरतोस कशाला?" तेव्हा गप्प बसलो. आज लिहितोय ते उत्तर धरा, नाहीतर पळवाट.

2020 मध्ये बोटी बंद पडल्या आणि धाकटा घरी आला. पप्पा त्यानंतर तीनच आठवडे होते. पहिल्याच सकाळी त्यांनी त्याचंही मनगट धरलं, चमचा त्याच्याकडे वळवला. तो रडला. मी दारात उभा राहून जळलो. हो, जळलोच. मत्तयाचा विसावा अध्याय मला अजूनही आवडत नाही.

वही कपाटात आहे. परवा काढून पाहिली. जुलै 2016 च्या पानावर, त्या रात्रीपुढे, शेवटच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय : जागरण, 1.