दोनदा फिरलेला मीटर

खानापूरच्या मामांनी एकदा सेकंडहँड टेम्पो घेतलेला, कौलं आणि विटा बेळगावला आणायला. मीटरवर २७ हजार आणि वर काहीतरी किलोमीटर, मामा एकदम खूश, स्वस्तात गावली म्हणून. उद्यमबागेतल्या मेकॅनिकनं आत डोकं घालून क्लचच्या पॅडलचं रबर बघितलं, पार गुळगुळीत झालेलं, खालचं लोखंड दिसत होतं, आणि म्हणाला, "मामा, हे दोनदा फिरलंय की हो." पाच आकडी मीटर. ९९,९९९ झालं की परत ००,०००. म्हणजे गाडी २७ हजार चाललीय की १ लाख २७ हजार की २ लाख २७ हजार हे मीटरला विचारून काही उपयोग नाही, तो खोटं बोलत नाही, वरचा आकडा लिहायला त्याच्याकडं जागाच नाही.

गेल्या महिन्यात मी पण असाच फसलो, आणि गंमत म्हणजे आकडा पण २७ च.

तर झालं असं. मी टिळकवाडीत घरी बसून काम करतो, काम कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आणि परफॉर्मन्सचं. एका सर्व्हरवर चार-पाच प्रोग्राम एकत्र चालतात आणि मधेच सगळे स्लो होतात, कोण मेमरी बँडविड्थ (सेकंदाला मेमरीतून किती डेटा ये-जा करतो ते) खातंय ते शोध म्हणाले. हे सीपीयूच्या टक्क्यांवरून कळत नाही, कारण सीपीयूचा कोअर मेमरीची वाट बघत नुसता थांबलेला असला तरी टॉप या कमांडमध्ये तो १०० टक्के बिझीच दिसतो. यासाठी इंटेलच्या सर्व्हर चिपमध्ये एमबीएम (मेमरी बँडविड्थ मॉनिटरिंग) म्हणून सोय असते. प्रत्येक प्रोग्रामला किंवा ग्रुपला एक नंबर द्यायचा, आरएमआयडी, कर्नल टास्क बदलताना तो नंबर सीपीयूतल्या एका रजिस्टरमध्ये (छोट्या कप्प्यात) टाकतो आणि त्या नंबरच्या नावावर मेमरीची ये-जा हार्डवेअर स्वतः मोजत बसतं. वाचायचं असेल तर एका रजिस्टरमध्ये 'मला अमक्या आरएमआयडीचा अमका इव्हेंट पाहिजे' असं लिहायचं आणि शेजारच्या रजिस्टरमधून आकडा उचलायचा.

लिनक्समध्ये २०१७ च्या ४.१४ पासून हे सगळं रेसकंट्रोल नावाच्या फाइलसिस्टीममध्ये आयतं मिळतं, फाइल उघडा, बाइट वाचा, संपलं. पण आयतं घेईल तो इंजिनीअर कसला. मी कर्नलला जोडायचं स्वतःचं छोटं मॉड्यूल लिहिलं.

पहिल्याच दिवशी ग्राफवर मधेच एक काठी उभी, थेट आभाळाला. आकडा बघितला तर १८ वर अठरा शून्यं, त्याहून थोडा जास्तच. एवढी ये-जा कुठल्याच मशीनला जमणार नाही. कारण साधं होतं, काउंटर २४ बिटचा. २४ बिट म्हणजे १,६७,७७,२१५ पर्यंत मोजणार आणि परत शून्य. माझं आधीचं रीडिंग १,६७,७७,००० आणि नंतरचं ५००, मी ५०० मधून एक कोटी सदुसष्ट लाख वजा केले आणि ६४ बिटच्या अनसाइन्ड आकड्यात मायनस मावत नाही म्हणून ते दुसऱ्या टोकाला जाऊन बसलं. खरा फरक शून्यापर्यंतचे २१६ आणि पुढचे ५००, एकूण ७१६.

कर्नलमध्ये याचा इलाज तीन ओळींचा आहे, मला तो फार आवडतो. दोन्ही रीडिंग ४० बिट डावीकडं सरकवायची (६४ वजा २४), मग वजाबाकी करायची, आणि उत्तर ४० बिट परत उजवीकडं. डावीकडं सरकवल्यामुळं २४ बिटच्या काउंटरचं वरचं टोक ६४ बिटच्या वरच्या टोकाला जाऊन भिडतं, आणि मग वजाबाकीत जे काही उधार घ्यावं लागतं ते बाहेर सांडून जातं. कुठं इफ नाही, एल्स नाही. उत्तर ७१६. आणि ४० हा आकडा फिक्स लिहून ठेवायचा नाही हां, काउंटर किती बिटचा ते सीपीयूआयडीला (चिपला तिचीच माहिती विचारायची सूचना) विचारायचं, एएमडीकडं तो ४४ बिटचा आहे.

काठी गेली. ग्राफ सरळ झाला, मी कुंदा खाल्ला, आणि तीन आठवडे त्या ग्राफवर विश्वास ठेवला.

आता खरी चूक. काउंटर बाइट मोजत नाही, चंक मोजतो, एक चंक म्हणजे किती बाइट ते पण सीपीयूआयडी सांगतो. समजायला ६५,५३६ धरा. मग २४ बिटची एक पूर्ण फेरी म्हणजे साधारण १.१ टीबी. ऐकायला मोठं वाटतं. पण सहा चॅनेल डीडीआर४-२६६६ मेमरी असलेल्या एका सॉकेटची (म्हणजे एका चिपची) कागदावरची बँडविड्थ १२८ जीबी पर सेकंद, त्यातली १०० जरी चालली तरी मीटर ११ सेकंदांत एकदा फिरतो. आणि माझं मॉड्यूल रीडिंग घेत होतं दर ३० सेकंदांनी. (का ३०? कारण डॅशबोर्ड ३० सेकंदांनी रिफ्रेश होतो. एवढाच विचार.)

करा हिशोब. ३० सेकंदांत ३ टीबी गेले, त्यात मीटर दोनदा पूर्ण फिरला म्हणजे २.२ टीबी गायब, उरले ०.८, भागिले ३०, आला जवळपास २७ जीबी पर सेकंद. स्ट्रीम हा मेमरीवर जोर टाकणारा बेंचमार्क चालवून सगळे चॅनेल तापवले तेव्हा माझा ग्राफ शांतपणे २७ दाखवत होता. तो पडद्यावरचा २७ बघितला आणि टेम्पोचं गुळगुळीत पॅडल डोळ्यासमोर आलं. १८ वर अठरा शून्यं दिसली तर माणूस उठून बसतो, पण २७ बघून कोणी उठत नाही. ते बिट सरकवायचं शिफ्टचं गणित मीटर एकदा फिरला तर सांभाळून घेतं, दोनदा फिरला तर त्याला कळायला मार्गच नाही.

मग कर्नलचा कोड परत नीट वाचला. तिथं एक ओव्हरफ्लो हँडलर आहे, कोणी विचारो न विचारो, दर सेकंदाला उठतो, प्रत्येक ग्रुपचा काउंटर वाचतो, फरक ६४ बिटच्या बेरजेत टाकतो आणि परत झोपतो. इंटेलचं मॅन्युअलच सांगतं की सेकंदाला एकदा वाचलं तर दोन रीडिंगच्या मधे काउंटर एकापेक्षा जास्त वेळा फिरणार नाही. म्हणजे युजरनं फाइल तासानं वाचली तरी चालतं. (ती ६४ बिटची बेरीज बाइटमध्ये धरली तर १०० जीबीनं भरायला जवळपास ५ वर्षं १० महिने लागतील, तेवढं मशीन आमच्याकडच्या लाइटवर सलग चालवून दाखवा.)

मामा नंतर तेच करायला लागले होते, डिझेल घातलं की वहीत रीडिंग. मी फोनवर विचारलं, वही अजून आहे का, तर म्हणाले, "आहे की. मी रोज लिहिलो म्हणून कळतंय, नाहीतर किती फिरलं ते कोण मोजलंय?"

त्या हँडलरमध्ये बारकावे बरेच. तो सॉकेटमधल्याच एखाद्या सीपीयूवर चालावा लागतो कारण दुसऱ्या सॉकेटचा काउंटर इथून वाचता येत नाही. तो सीपीयू ऑफलाइन झाला तर काम लगेच दुसऱ्याकडं द्यायचं, नाहीतर मोजणी बंद आणि कोणाला पत्ताच नाही. शिवाय रीडिंगचे वरचे दोन बिट डेटाचे नसतात, एक एरर आणि एक अनअव्हेलेबल. अनअव्हेलेबल असताना आकड्याला अर्थ नसतो, पण मी तो शून्य समजून 'आधीचं रीडिंग' म्हणून ठेवून द्यायचो, मग गणिताला वाटायचं मीटर फिरला, आणि १.१ टीबी फुकट खात्यावर जमा. कर्नल अशा वेळी जुनं रीडिंग तसंच ठेवतो आणि एरर परत करतो. नवा ग्रुप करताना पण एक वाचन आधीच घेऊन ठेवतो, कारण आरएमआयडी आधी कोणीतरी वापरलेला असतो आणि त्याचं उरलेलं बिल नव्या भाडेकरूच्या नावावर फाटायला नको.

माझं मॉड्यूल काढून टाकलं, रेसकंट्रोल माउंट केलं. स्ट्रीम परत चालवलं, ९८, १०१, ९९.

राहिला मागच्या तीन आठवड्यांचा डेटा. तो दुरुस्त होत नाही, कारण प्रत्येक ३० सेकंदांत मीटर शून्यदा फिरला, एकदा की तीनदा हे कुठंच लिहिलेलं नाही. टीममध्ये मेसेज टाकला की ते आकडे धरू नका. पाच मिनिटांत वडगावच्या मित्राचा फोन, "काय रे, मशीन रिकामंच आहे म्हणून मी त्यावर अजून दोन जॉब टाकलो की!"